गाडीला उलटा हात

आमच्या वऱ्हाडात लोखंडी कूलरला कुणी सरळ हात लावत नाही. उलटा लावतात. तळहात टेकवला आणि कूलरमध्ये करंट उतरलेला असला तर बोटं आपोआप मिटतात, मग कूलर माणसाला धरून ठेवतो. हाताची मागची बाजू लावली तर झटका बसून हात आपला आपण मागे येतो. हे ज्ञान शाळेत मिळत नाही. चार वर्षांचे झालो की घरातलं एखादं मोठं माणूस पाठीत धपाटा घालून ते देतं, आणि मग दर उन्हाळ्यात आम्ही सगळे रबरी चपला घालून, उलटे हात पुढे करून, स्वतःच्याच घरात चोरासारखे वावरतो.

त्यामुळे मी अमरावतीच्या माझ्या घरी, पोर्चमध्ये, पेट्रोलची गाडी विजेवर चालणारी करायला घेतली तेव्हा गल्लीतल्या प्रत्येकानं येऊन तिला उलटाच हात लावला. मोटर यायची होती, बॅटऱ्या यायच्या होत्या, गाडीत अजून टॉर्चचा सेलसुद्धा नव्हता. तरी दूधवाला फाटकाबाहेरूनच पातेलं मागू लागला. माझी बायको तर टेस्टर घेऊन आली आणि दाराची मूठ, आरसा, नंबरप्लेट असं एकेक ठिकाण तपासत गाडीभोवती प्रदक्षिणा घालू लागली.

"दिवा लागला का?" मी विचारलं.

"नाई लागला," ती म्हणाली, "म्हणूनच मले डाऊट येऊन राहिला."

आता मी काही उपटसुंभ नाही. पंचवीस वर्षं मी आयटीआयत मुलांना वायरिंग शिकवतो. मोटर जळली तर वासावरून कारण सांगतो, असं मी स्वतःच सगळीकडे सांगत असतो. पण गल्लीला त्याचं काय. समोरचे काका तहसील कचेरीतून निवृत्त झालेले. त्यांनी गाडीचा नंबर एका डायरीत टिपून ठेवला. का, असं विचारलं तर म्हणाले, "असू द्या. उद्या कोणी विचारलं तर?" कोण विचारणार होतं? पण झाडाला चेन-पुली टांगून मी आणि माझे दोन सहकारी इंजिन उचलून बाहेर काढत होतो, ते दृश्य लांबून मला स्वतःलाही चोरीची गाडी कापल्यासारखंच वाटलं असतं.

चोरीची नव्हती. माझीही नव्हती. गाडी होती ताईची.

ताई म्हणजे माझी थोरली बहीण. अकोल्यात राहते, मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाली, भाऊजींना जाऊन दोन वर्षं झाली. त्यांची ही पांढरी, छोटी, जुनी गाडी ताईनं पन्नाशीत चालवायला शिकून घेतली होती. भाऊजींच्या मागे तिचं सगळं हिंडणंफिरणं या गाडीवर होतं. बाजार, दवाखाना, आणि मुख्य म्हणजे बाळापूरच्या अलीकडचं तिचं वावर, म्हणजे शेत. ते तिनं बटईनं, अर्ध्या पिकाच्या वाट्यावर, दिलेलं आहे, आणि ज्याला दिलंय त्या माणसावर तिचा काडीचा विश्वास नाही. तो फोनवर म्हणतो, वखरलं. ही म्हणते, पाहून येते. बसनं जावं तर फाट्यावर उतरून पायी जाईपर्यंत दहाजण त्याला फोन करून कळवतात की बाई निघाल्या.

गेल्या वर्षी इंजिन गेलं. मेकॅनिकनं हात टेकले. पुण्याहून भाचा म्हणाला, "आई, गाडी भंगारात देऊन टाकू आणि तू आता इकडे ये." ताईच्या लक्षात आलं की ही दोन्ही वाक्यं तो एका श्वासात म्हणतोय. गाडी गेली की पाठोपाठ आपलाही नंबर. तिला मुलाकडे जायचं नव्हतं असं नाही. सोसायटीच्या अकराव्या मजल्यावर बसून कुणीतरी बाहेर नेईल म्हणून वाट पाहत राहायचं नव्हतं. तिनं मला फोन केला.

"तुले इंजिन दुरुस्त करता येते काय?"

"इंजिन नाही येत. पण इंजिनाशिवाय गाडी चालवून दाखवतो."

"तुनं लहानपणी बाबांचा रेडिओ उघडला होता," ती म्हणाली.

"ताई, त्याले चाळीस वर्षं झाली."

"अजून उघडाच आहे थो."

शेवटी तिनं मुदत दिली. मृग लागायच्या आत गाडी दारात, नाहीतर ती मुलाला हो म्हणणार. आणि ताई जे बोलते ते करते. तिच्या शाळेतली पोरं आज आजोबा होत आलीत, तरी रस्त्यात ती दिसली की सायकलवरून उतरतात.

रस्ता रीतसर होता. सरकारमान्य किट घ्यायचं, जोडणी झाली की कंपनीच्या माणसानं येऊन तपासायचं, त्याच्या कागदावर आरटीओत नोंद बदलायची. पण किटातली लोखंडी तबकडी, जी मोटर आणि गिअरबॉक्सच्या मध्ये बसते, ती या जुन्या गिअरबॉक्सला काही केल्या बसेना. मी गिअरबॉक्सचा दांडा आणि ती तबकडी पोत्यात गुंडाळून एसटीनं अकोटला गेलो. कंडक्टरनं पोतं पायानं ढकलून पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या शेजारच्या बाईंना दुसऱ्या सीटवर बसवलं.

अकोटला एक लेथवाले आहेत. जिनिंग फॅक्टऱ्यांचे शाफ्ट घासणं हे त्यांचं काम. पांढरी टोपी, कानात कापूस. तोही बहुधा जिनिंगमधलाच असावा. त्यांनी दांडा हातात घेतला आणि मला उलटतपासणी सुरू केली.

"इंजिन काढून टाकलं म्हणता?"

"हो."

"मंग गाडी उभी असली की आवाज कायचा येते?"

"कायचाच नाही."

"अन् चालली की?"

"तेव्हाही नाही. टायरचा येईल तेवढाच."

त्यांनी दांडा खाली ठेवला. "मास्तर, आमच्या जिनिंगमंदी जी मशीन आवाज करत नाई ना, तिच्यापासून आमी लांब उभे राह्यतो. चालू आहे का बंद, कसं समजाव? हात घातल्यावर?"

पण काम त्यांनी घेतलं, आणि असं केलं की केसाएवढा फरक राहिला नाही. तबकडी माझ्या हातात देताना मात्र उलटी धरून म्हणाले, "हे जोडल्यावर पयले तुमी बसजा. बहिणीले नोका बसवू."

कंपनीचा माणूस आला. त्यानं माझा एकेक नट पाना लावून पुन्हा आवळला. तो गेल्यावर मी त्याचा एकेक नट पुन्हा आवळला. कागदावर दोघांच्या सह्या आहेत.

पहिल्यांदा चालवली त्या सकाळी बायको पूजेचं ताट घेऊन गाडीसमोर उभी. समोरून बाजूला हो, असं मी तिला तीनदा सांगितलं. ती म्हणाली, "समोरून तुमी दिसता तरी. मागून काय भरोसा." मी चावी फिरवली. काहीच नाही, म्हणजे सगळं ठीक. पहिला गिअर टाकला, हलकेच पाय दिला, आणि गाडी सरळ मागे निघाली. भिंतीपासून वीतभर अंतरावर थांबली. मोटरची दिशा उलटी लागली होती. वर्गात हीच चूक करणाऱ्या मुलांना मी बाकावर उभं करत आलोय.

"म्हणजे आता चार गिअर मागं अन् एक पुढं," बायकोनं ताट सावरत हिशेब केला. "अकोल्याले पाठ करून जाता काय?"

दिशा बदलायला पाच मिनिटं लागली. तिनं मात्र त्या दिवसानंतर पुढेही उभं राहायचं सोडलं आणि मागेही. ती जिन्यावरून बघायची.

मेच्या शेवटी, नोंद हातात आल्यावर, मी अकोल्याला निघालो. एका दमात पोचेल याची मला खात्री नव्हती, म्हणून मूर्तिजापूरला एका हॉटेलवाल्याला विनवून दोन तास वायर लावली. त्यानं कारण ऐकून घेतलं, गाडीखाली वाकून पाहिलं, आणि मी जेवत असेपर्यंत स्वतः मीटरसमोर खुर्ची टाकून बसला. मीटरमधल्या फिरणाऱ्या आकड्याकडे बघत तो मधून मधून मला विचारायचा, "झालं का हो तिचं पोट?" जेवणापेक्षा चार्जिंगचं जास्त घेतलं त्यानं, आणि ते मला रास्त वाटलं, कारण माझ्या जेवणावर लक्ष ठेवायला कुणी बसलं नव्हतं.

दुपारी गाडी ताईच्या फाटकात शिरली. ताई व्हरांड्यात पेपर वाचत होती. तिनं मान वर केली नाही. मी अगदी जवळ जाऊन थांबलो. तरी नाही. शेवटी हॉर्न वाजवला तेव्हा पेपरासकट उडाली.

"काहून रे, ढकलत आणली काय?"

"चालवत आणली. शंभर किलोमीटर."

ती उठली. बॉनेट उघडायला लावलं. जिथे इंजिन असायचं तिथे कोहळ्याएवढी मोटर आणि एक ॲल्युमिनियमचा डबा. बाकी मोकळी जागा. ताईनं त्या मोकळ्या जागेत वाकून पाहिलं, जसं वर्गात एखाद्या मुलाच्या दप्तरात पाहायची. "अन् बाकीचं कोठी आहे?"

"बाकीचं लागतच नाही."

"असंच म्हणे थो मेकॅनिक. नंतर लागे."

मी हसलो, पण ती हसली नाही. तिला गाडी हवी होती, इतकी हवी होती की फसण्याची तयारी नव्हती. मला चहा दिला आणि म्हणाली, "आज चार्जिंग कर. उद्या मी चालवून पाह्यते. जमलं तर जमलं."

पोर्चमधल्या प्लगला मी वायर लावली. डब्यावरचा हिरवा दिवा लागला. मी आत हातपाय धुवायला गेलो. आणि बाहेरून ताईची हाक आली; हाक नव्हे, वर्गातली आरोळी.

बाहेर आलो तर ती गाडीपासून तीन पावलं दूर, उजवा हात डाव्या हातात धरून उभी. तिनं गाडीला हात लावला होता. उलटाच. आणि झटका बसला होता.

"ताई, बरी आहेस ना?"

"मी बरी आहे. तुयी गाडी बरी नाई." तिचा चेहरा पांढरा पडला होता, पण आवाज थंड. "मले वाटलंच होतं. ने वापस. मी पोराले फोन करते, भंगारवाल्याले पाठव म्हणते."

"एक तास दे."

"कायले? उघडून ठेवाले?"

"एक तास."

ती व्हरांड्यात जाऊन बसली. फोन मांडीवर. मी वायर काढली. पहिला संशय मला माझ्यावर आला. मग त्या कंपनीच्या माणसावर. मग अकोटच्या लेथवाल्यावर, ज्याचा याच्याशी काही संबंध नव्हता. टेस्टर लावला: वायर काढल्यावर गाडीत काहीच नाही. वायर लावली की दिवा. म्हणजे करंट गाडीतून येत नव्हता, घरातून गाडीत जात होता. मी आतल्या खोलीत गेलो. तिथे कूलर घरघरत होता. तो बंद केला आणि बाहेर येऊन पुन्हा टेस्टर लावला. दिवा गेला.

"ताई, तुझ्या कूलरला करंट येतो?"

"येते थोडा थोडा. दोन उन्हाळे झाले. मी चप्पल घालूनच पाणी टाकते."

"दोन उन्हाळे? आणि सांगितलं नाहीस?"

"कूलर म्हटला की करंट येतेच. त्यात काय सांगाचं?"

मीसुद्धा दोन उन्हाळे या घरात आलो, जेवलो, त्या कूलरसमोर झोपलो. पाणी भरताना माझाही हात उलटाच गेला असणार. मुलांना वर्गात ज्याबद्दल ओरडतो ते बहिणीच्या घरी मला दिसलं नाही, कारण ते सगळ्यांच्याच घरी असतं.

ताईच्या स्वयंपाकघरातून साठचा बल्ब काढला, होल्डरला दोन वायरी जोडल्या. एक प्लगच्या फेजमध्ये, दुसरी अर्थिंगच्या वरच्या मोठ्या भोकात. घरातला फुटलेला करंट ज्या तारेनं जमिनीत जायला हवा, ती तार ठीक असेल तर बल्ब लख्ख लागतो. इथे तंतू नुसता लाल झाला. कूलरच्या पंपातून फुटलेल्या करंटला जमिनीत जायला वाटच नव्हती. म्हणून तो त्याच तारेवरून फिरत होता, आणि आज त्याला जायला एक नवी जागा मिळाली होती, माझी गाडी.

"अर्थिंगचा खड्डा कुठे आहे?" मी विचारलं.

तिला माहीत नव्हतं. मी कंपाउंडच्या कोपऱ्यात शोधला. सिमेंटचं झाकण, खाली लोखंडी पाइप, आणि भोवतालची काळी माती अशी फाटलेली की भेगेत मनगटापर्यंत हात जावा. आमची माती उन्हाळ्यात पाइपाला सोडून मागे सरते. म्हणून त्या खड्ड्यात पाणी ओतत राहावं लागतं. हे मी तिला सांगितलं, थोडं चिडूनच.

ताई म्हणाली, "तुये भाऊजी ओतत."

"काय?"

"उन्हाळाभर. रोज सकाळी एक बादली, या कोपऱ्यात. मले वाटे त्यायनं इथं काही लावलं आहे. मी विचारलं नाई कधी. त्यायच्या मागं महिनाभर मीही टाकलं पाणी." ती त्या भेगांकडे बघत होती. "काही उगवेना, म्हणून सोडून देलं."

मी बादली आणायला गेलो, कारण तिथे उभं राहणं मला जमेना.

ताईला बल्बसमोर बसवलं आणि मी पाणी ओतायला लागलो. पहिली बादली मातीनं अशी गिळली की आवाजसुद्धा आला नाही.

"लागला का?" मी ओरडलो.

"बिडीएवढा."

दुसरी बादली. "आता?"

"देवघरातल्या दिव्याएवढा."

तिसरी. "आता?"

उत्तर नाही. चौथी ओतली. "ताई, आता?" तरी नाही. वळून पाहिलं तर ती माझ्या मागेच उभी होती आणि पोर्चमध्ये दिवसाउजेडी तो बल्ब दिवाळीसारखा लागला होता. तिनं माझ्या हातातून बादली घेतली आणि पाचवी स्वतः भरून आणली.

संध्याकाळी मी कूलरचा पंप बदलला. गाडीला पुन्हा वायर लावली. ताई चप्पल काढून आली, गाडीभोवती एक चक्कर मारली, आणि छपरावर तळहात ठेवून उभी राहिली. बराच वेळ. फोन व्हरांड्यातल्या खुर्चीवर तसाच पडला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं मला शेजारी बसवून कॉलनीत तीन फेऱ्या मारल्या. चौथ्या फेरीला म्हणाली, उतर. एकटीनं मारून आली. आल्यावर जेवायला वाढलं. जेवून मी दुरुस्त कूलरसमोर आडवा झालो आणि असा झोपलो की चार वाजता जाग आली.

उठलो, बाहेर आलो. पोर्च रिकामा.

सांगायला लाज वाटते, पण माझ्या मनात पहिल्यांदा चोर आले. वायर व्यवस्थित गुंडाळून खिळ्याला टांगलेली होती, असा नीटनेटका चोर कुठे असतो, हा विचार नंतर. शेजारी विचारलं, त्यांनी काही ऐकलं नव्हतं. कसं ऐकणार? मी स्वतः महिनाभर खपून गाडीचा आवाज काढून टाकला होता. ताईला फोन लावला.

"ओरडू नोको," ती हळू आवाजात म्हणाली. "धुऱ्यावर उभी आहे मी."

"कुठल्या बांधावर?"

"आपल्या. वावरात. थो बटईवाला लिंबाखाली झोपला आहे. त्याले अजून माहीत नाई मी आली थे. गाडी त्याच्या खाटेच्या मागं, दहा हातांवर उभी केली."

"मग उठव ना त्याला."

"उठवीन. पयले वावर पाहून घेऊ दे." आणि फोन ठेवला.

मी बॅटरीचा हिशेब मनात मांडत फाटकाशी उभा राहिलो. जाणं इतकं, येणं इतकं, ऊन इतकं. माझ्याच गाडीवर माझा त्या दोन तासांत जितका अविश्वास होता तितका समोरच्या काकांचाही नसेल. सहा वाजता ती आली. म्हणजे फाटक उघडताना दिसली. पदर कमरेला खोचलेला, पायांना वावरातली माती.

"अर्धं वखरलं होतं," ती म्हणाली. "फोनवर म्हणे पूर्ण. उठला तर मले पाहून असा दचकला, म्हणे बाई, तुमी पायी आल्या काय? म्हटलं हो."

मग तिनं फोन घेतला आणि मुलाला लावला. पलीकडून भाच्याचा आवाज मलाही ऐकू येत होता. तो त्यानं परस्पर ठरवलेल्या भंगारवाल्याबद्दल सांगू लागला, सोमवारी येतो म्हणे.

"येऊ दे त्याले," ताई म्हणाली. "कूलरचा जुना पंप आहे, देऊन टाकीन."

"आणि गाडी?"

"गाडी मले लागते."

तो बराच वेळ बोलत राहिला. वय, उन्हाळा, हायवे, एकटेपणा. तो खोटं काही बोलत नव्हता. त्याच्या जागी मी असतो तर तेच म्हणालो असतो. ताईनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "येईन रे तुयाकडं. दिवाळीले. पंधरा दिवस राहीन अन् वापस येईन. तिकीट दोन्ही बाजूंचं काढजो."

दुसऱ्या दिवशी मी पिशवी भरली आणि सवयीनं चावीसाठी हात पुढे केला. ताईनं तो हात पाहिला. मग चावी आपल्याच पर्समध्ये टाकली आणि म्हणाली, "चाल, तुले स्टँडवर सोडते. अमरावतीची बस दर अर्ध्या तासाले आहे."

मी शेजारच्या सीटवर बसलो. तिनं आरसा आपल्याकडे वळवून घेतला. स्टँडवर उतरलो, पिशवी घेतली, बसचा बोर्ड वाचला. तिला हात करावा म्हणून वळलो तर गाडीच्या जागी एक ऑटो उभा होता, आणि ऑटोवाला मला विचारत होता, "कोठी जाता, काका?"